मनिलाची ट्रकबंदी, २०१४: एका फेरीचा हिशेब

२४ फेब्रुवारी २०१४, सोमवार. फिलिपिन्सची राजधानी असलेल्या मनिला शहराच्या हद्दीत त्या दिवसापासून पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेत अवजड वाहनांना प्रवेशबंदी लागू झाली. ४,५०० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाची, किंवा आठ चाकांची आणि त्याहून मोठी गाडी सोमवार ते शनिवार या वेळेत रस्त्यावर सापडली, तर ५,००० पेसो दंड. वाहतूकदारांनी गाड्या उभ्या केल्या, बोलणी झाली, आणि सकाळी दहा ते दुपारी तीन अशी पाच तासांची सवलत मिळाली. नाशवंत माल आणि इंधन यांना सूट होती. १३ सप्टेंबरला शहराने ही बंदी उठवली.

मधल्या दोनशे दिवसांत देशाचे सर्वांत मोठे बंदर तुंबले. जहाजे धक्क्याची वाट पाहत खाडीत नांगर टाकून उभी राहिली, ट्रकची भाडी चढली, कारखान्यांचे सुटे भाग बंदराच्या यार्डात अडकले आणि अखेर राष्ट्राध्यक्षांना कार्यकारी आदेश काढावा लागला.

आता बंदी नसलेले तास मोजू. रात्री नऊ ते पहाटे पाच हे आठ, दुपारच्या सवलतीचे पाच. एकूण तेरा. म्हणजे दिवसाचे निम्म्याहून अधिक तास रस्ता मोकळा होता. रविवार तर सगळाच मोकळा. तरीही बंदर तुंबले. हे प्रकरण मी अभ्यासाला घेतले ते या कोड्यासाठी. कोणत्याही महानगरात ट्रकबंदीची चर्चा सुरू झाली की ती तासांच्या भाषेत होते: किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत. मालवाहतुकीचा धंदा मात्र फेऱ्यांवर चालतो. मनिलाच्या नगरसभेने तास मोजले आणि फेरी मोजली नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या एका चुकीतून वाढत गेला, असे माझे मत आहे.

गोदी शहराच्या पोटात

महानगर मनिला म्हणजे एक शहर नव्हे. १६ शहरे आणि पातेरोस नावाची एक नगरपालिका मिळून हा प्रदेश होतो, आणि २०१०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ कोटी १८ लाखांच्या वर होती. त्यातले मूळ मनिला शहर जेमतेम ४३ चौरस किलोमीटरचे. नेमके त्याच शहराच्या किनाऱ्यावर, पासिग नदीच्या मुखाशी, देशाचे मुख्य बंदर आहे. नदीच्या दक्षिणेला, इंत्रामुरोस या स्पॅनिश काळातल्या तटबंदीला लागून साउथ हार्बर. उत्तरेला, तोंडो या अतिशय दाट वस्तीच्या भागाला खेटून मनिला इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल आणि देशांतर्गत वाहतुकीचे नॉर्थ हार्बर. दोन्ही आंतरराष्ट्रीय टर्मिनले खासगी कंपन्या चालवतात, आणि वर्षाला ३० लाखांहून अधिक कंटेनर-एकके (एक एकक म्हणजे वीस फुटी एक डबा) या बंदरातून जातात.

माल ज्यांच्यासाठी येतो ते कारखाने मात्र शहरात नाहीत. दक्षिणेला काविते, लागुना आणि बातांगास प्रांतांतल्या औद्योगिक वसाहती, उत्तरेला बुलाकान आणि पांपांगा. म्हणजे बंदरातून निघालेला जवळजवळ प्रत्येक कंटेनर आधी दाट वस्तीतून बाहेर पडतो आणि मग द्रुतगती मार्गाला लागतो. दक्षिणेकडे रोहास बुलेवार्ड, किरिनो अव्हेन्यू, ओस्मेन्या हायवे. उत्तरेकडे आर-१० आणि सी-३ हे रस्ते. २०१४ साली बंदर आणि द्रुतगती मार्ग यांना जोडणारा एकही उन्नत मार्ग तयार नव्हता. त्यामुळे कंटेनरला बाहेर पडायला शहराचे रस्ते सोडून दुसरी वाट नव्हती.

या रस्त्यांवर राहणाऱ्यांचा त्रास खरा होता, हे आधीच सांगतो. तोंडोत शाळेत जाणारी मुले चाळीस फुटी ट्रेलरच्या बाजूने रस्ता ओलांडत. गाड्या उभ्या करायला जागा नाही म्हणून रांगा घरांच्या दारापर्यंत येत. जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने याच सुमारास केलेल्या अभ्यासात महानगरातल्या वाहतूक कोंडीची किंमत दिवसाला २.४ अब्ज पेसो इतकी काढली होती. २०१३ साली निवडून आलेले महापौर जोसेफ एस्त्रादा, जे आधी देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि उपमहापौर इस्को मोरेनो यांनी बंदीचा आग्रह धरला तो मतदारांच्या रोजच्या तक्रारीवरून. लहरीपणाने काढलेला फतवा असे त्याला म्हणणे अन्यायाचे होईल.

शिवाय ट्रकबंदी मनिलाला नवी नव्हती. १९७०च्या दशकाच्या अखेरपासून महानगरात गर्दीच्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, मुख्य रस्त्यांवर अवजड गाड्यांना मनाई होती. एडसा या मुख्य वर्तुळाकार रस्त्यावर तर दिवसभर. वाहतूकदारांनी आपले धंदे त्या वेळापत्रकाभोवती बसवले होते. नवी बंदी जुन्या बंदीपेक्षा वेगळी ठरली कारण तिने दोन गर्दीच्या वेळांमधला आणि त्यांच्या अलीकडचा-पलीकडचा मोकळा पट्टाच कापला, आणि तोही बंदर ज्या शहरात आहे त्याच शहरात.

एका फेरीचा हिशेब

कंटेनरची फेरी म्हणजे काय ते नीट पाहिल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

ट्रेलर आपल्या तळावरून निघतो. बंदराच्या फाटकावर रांगेत लागतो, कागद दाखवतो, आत जातो, क्रेनने भरलेला डबा चढवला की बाहेर पडतो. कारखान्यावर किंवा गोदामावर पोचतो, गाडी खाली होते. इथे लोकांना वाटते की काम संपले. संपत नाही. रिकामा डबा जहाज कंपनीच्या मालकीचा असतो आणि तो ठरलेल्या मुदतीत तिच्या डेपोत किंवा बंदरात परत करावा लागतो. उशीर झाला की दिवसागणिक दंड चढतो. रिकामा डबा उतरेपर्यंत ट्रेलर पुढची खेप उचलू शकत नाही. म्हणजे एका फेरीत शहराची हद्द किमान दोनदा ओलांडावी लागते: एकदा भरून बाहेर पडताना, एकदा रिकामा डबा घेऊन आत येताना.

आता समजण्यासाठी एक काल्पनिक गाडी घेऊ. लागुनातल्या कारखान्याची खेप आहे, अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास.

जुन्या नियमात ती पहाटे तीनला बंदरात शिरते, पाचला भरून निघते, गर्दीची बंदी सुरू होण्याआधी शहराबाहेर पडते. आठला कारखान्याचे गोदाम उघडते तेव्हा ती फाटकाशी हजर. बारापर्यंत खाली. तीनच्या सुमारास परत मनिलात, रिकामा डबा उतरवला, आणि जमले तर संध्याकाळच्या बंदीआधी दुसरी खेप चढवून गाडी शहराबाहेर. रोजच असे जमत नाही, पण दोन दिवसांत तीन फेऱ्या हा हिशेब बसू शकतो.

नव्या नियमात तीच गाडी रात्री नऊला शहराच्या वेशीवर उभी आहे. तिच्या पुढे-मागे बाकीच्या सगळ्या गाड्याही नऊचीच वाट पाहत आहेत. नऊला सगळ्या एकदम सुटतात आणि फाटकावर एकदम पोचतात. साडेनऊला रांगेत लागलेली गाडी दोन वाजता भरून बाहेर पडते, चारला कारखान्यावर पोचते, आठपर्यंत नुसती उभी राहते. बाराला खाली होते. मनिलाच्या वेशीवर दोन-अडीच वाजतात. तीनच्या आत डेपो गाठता येईल? वाटेत एक अपघात, एक बंद पडलेली बस, डेपोत थोडी गर्दी, की संपले. मग रात्री नऊपर्यंत रस्त्याच्या कडेला. एक फेरी चोवीस तासांची झाली. दोन दिवसांत तीनच्या जागी दोन.

एकही ट्रक भंगारात न जाता ताफ्याची एक तृतीयांश ताकद गेली. तेवढाच माल हलवायचा तर दीडपट गाड्या हव्यात, आणि त्या सगळ्या त्याच तेरा तासांत त्याच रस्त्यांवर येणार. रस्त्यावरचे ट्रक कमी करायला काढलेला नियम, मोकळ्या वेळेत रस्त्यावर अधिक ट्रक मागतो.

यातले आठ तास रात्रीचे आहेत, हे तर आणखी महत्त्वाचे. रस्ता रात्री मोकळा असला तरी रस्त्याच्या दोन्ही टोकांना कोणी जागे लागते. गोदामात रात्रपाळी नाही, हमाल नाहीत, बँक बंद, जहाज कंपनीची खिडकी बंद, कस्टम्सचा अधिकारी घरी. मोठ्या कारखान्याला रात्रपाळी लावणे परवडते; पाच माणसांच्या आयातदाराला परवडत नाही. कागदावरच्या तेरा तासांतले उपयोगी तास किती, हे प्रत्येकाच्या ऐपतीवर ठरले. माझ्या मते या धोरणातला सर्वांत मोठा अन्याय हा होता, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

चालकाबद्दलही बोलले पाहिजे. सहा-सहा तास वेशीवर उभी असलेली गाडी सोडून तो जाऊ शकत नाही. गाडीतच झोप, गाडीतच जेवण, मग रात्रभर चालवणे. फेरीवर मजुरी मिळणाऱ्या माणसाच्या फेऱ्या कमी झाल्या आणि ताटकळण्याचे तास वाढले.

आणि ४,५०० किलोची मर्यादा? सुट्या मालाचे व्यापारी अशा वेळी छोट्या गाड्या लावतात. ४,५०० किलो एकूण वजनाच्या गाडीत माल फार तर दोनेक टन बसतो. वीस टनांची खेप वाटायची तर दहा गाड्या. कंटेनर मात्र असा वाटता येत नाही. तो अख्खा बाहेर पडतो, नाहीतर आतच राहतो.

यार्ड भरत जाते तेव्हा

आत राहिला. बंदराचे यार्ड ही माल साठवण्याची जागा समजली जाते, पण ते खरे तर वाहते ठेवायचे असते. किती डबे आत आहेत हे दोनच गोष्टींवर ठरते: रोज किती येतात आणि प्रत्येक किती दिवस थांबतो. समजा रोज ५,००० डबे येतात आणि सरासरी सहा दिवस थांबतात, तर कोणत्याही क्षणी यार्डात ३०,००० डबे असतील. मुक्काम सहाचा आठ दिवसांवर गेला की ४०,०००. जहाजे तेवढीच, आयात तेवढीच, आणि तरी दहा हजार डब्यांची नवी जागा हवी.

जागा नसली की डबे उंच रचले जातात. चार-पाच थरांच्या चळतीत तळाचा डबा हवा असेल, तर वरचे सगळे आधी हलवून दुसरीकडे ठेवावे लागतात. यार्ड साठ-सत्तर टक्के भरलेले असते तेव्हा हलवायला रिकामी जागा मिळते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे प्रत्येक डब्यामागे क्रेनच्या फुकट हालचाली वाढत जातात. मग आत गेलेल्या ट्रकला डबा मिळायला उशीर, त्यामुळे त्याची वेळ चुकते, त्यामुळे तो डबा आणखी एक दिवस आतच, त्यामुळे यार्ड आणखी भरलेले. २०१४च्या मध्यावर मनिलाच्या टर्मिनलांत यार्डाचा वापर १०० टक्क्यांवर गेल्याच्या बातम्या येत होत्या. शंभरावर कसा जातो? आखून दिलेल्या उंचीपेक्षा जास्त थर लावून आणि यार्डातल्या मोकळ्या जागा वापरून. तिथे पोचलेले बंदर जवळजवळ स्वतःच्याच पायात अडकते.

म्हणूनच पहिल्या काही दिवसांच्या निरीक्षणावरून या धोरणाचे मूल्यमापन करणे धोक्याचे होते. दिवसा मनिलाच्या रस्त्यांवर खरेच मोकळे वाटू लागले होते, आणि ते डोळ्यांना लगेच दिसत होते. यार्ड भरायला काही आठवडे लागतात आणि ते भिंतीआड भरते. फायदा लवकर आणि चौकात दिसला, तोटा उशिरा आणि गोदीत.

जूनमधला दुसरा घाव

सगळा दोष एकट्या शहराच्या बंदीवर टाकणे वाहतूकदारांना सोयीचे होते, पण ते पूर्ण सत्य नव्हते. जून २०१४मध्ये केंद्रीय वाहतूक खात्याने परवान्याशिवाय भाड्याने चालणाऱ्या गाड्यांवरचा दंड एकदम वाढवला. ट्रकसाठी तो २ लाख पेसो झाला. फिलिपिन्समध्ये तेव्हा खासगी गाडीला हिरवी पाटी आणि भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असे. कंटेनर ओढणाऱ्या कित्येक गाड्या हिरव्या पाटीवरच वर्षानुवर्षे भाडे मारत होत्या. १९ जूनपासून नियम लागू झाला आणि अशा गाड्यांच्या मालकांनी त्या बाहेर काढणेच थांबवले. एका फेरीला मिळणारे भाडे आणि पकडले गेल्यास भरायचा दंड यांची तुलना केली की त्यांचा निर्णय समजतो.

परवान्याची शिस्त आणणे योग्यच होते. विमा, गाडीची तपासणी, जबाबदारी, सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. पण ताफ्याची ताकद आधीच घटलेली असताना त्याच ताफ्यातला आणखी एक भाग एका रात्रीत बाहेर काढायचा, हे वेळेचे भान सुटल्याचे लक्षण होते. पुढे सरकारला तात्पुरते परवाने देऊन आणि कारवाई पुढे ढकलून माघार घ्यावी लागली. कस्टम्समध्येही त्याच वर्षी तपासणी कडक झाली होती. प्रत्येक खात्याचे पाऊल त्याच्या खिडकीतून पाहिले तर बरोबर दिसते. ती सगळी पावले एकाच यार्डावर पडत होती.

सप्टेंबर जवळ येत होता, हीही एक घाई होती. फिलिपिन्समध्ये नाताळची खरेदी सप्टेंबरपासूनच सुरू होते, आणि त्या हंगामाचा माल जुलै-ऑगस्टमध्ये बंदरात उतरतो. नेमके तेव्हाच बंदर सर्वांत जास्त भरलेले होते. त्या वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये देशातली महागाई ४.९ टक्क्यांवर होती. तिला अन्नधान्याच्या भावांसह इतरही कारणे होती, पण बंदरातली कोंडी त्यांत धरली जात होती.

रस्ता शहराचा, बंदर देशाचे

१९९१च्या स्थानिक शासन कायद्याने फिलिपिन्समधल्या शहरांना बरेच अधिकार दिले. आपल्या हद्दीतल्या रस्त्यांवर कोणती वाहने कधी चालतील, हे ठरवण्याचा अधिकार त्यांतलाच. महानगरासाठी १९९५च्या कायद्याने स्थापन झालेले विकास प्राधिकरण आहे, पण ते सतरा स्थानिक सरकारांमध्ये समन्वय घडवते. त्यांच्यावर हुकूम चालवणे त्याला सहज जमत नाही. बंदर फिलिपाइन पोर्ट्स ऑथॉरिटीच्या ताब्यात, ती केंद्राची. कस्टम्स अर्थखात्याचे. ट्रकचा परवाना वाहतूक खात्याचा. टर्मिनल खासगी कंपनीचे.

फेरी यांतल्या प्रत्येकाच्या हद्दीतून जाते. अख्खी फेरी कोणाच्याच हद्दीत नाही.

मनिला शहराच्या दृष्टीने पाहिले तर बंदराचा धूर, खड्डे आणि अपघात त्याच्या वाट्याला येत होते, आणि फायदा लागुनातल्या कारखान्याला किंवा केंद्राच्या तिजोरीला मिळत होता. अशा शहराने रस्ता बंद करणे यात मला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचे वाटते की शेजारच्या शहरांना, बंदराला आणि केंद्राला एकत्र बसवून फेरीचा हिशेब मांडायला बंदी येण्याआधी कोणी पुढे आले नाही. बंदी आल्यावर शेजारची शहरे वेशीवर थांबलेल्या गाड्यांनी भरली, ती त्यांची चूक नसताना.

अखेर मंत्रिमंडळ सचिव रेने अल्मेंद्रास यांच्याकडे बंदरकोंडीसाठी मंत्र्यांचा गट सोपवला गेला. एका टेबलाशी सगळी खाती बसली तेव्हा उपायांना वेग आला. ट्रकसाठी ठरावीक मार्गावर स्वतंत्र लेन आखली गेली. बंदरात पडून राहिलेले डबे हलवण्याचे प्रयत्न झाले. कागदपत्रांची कामे सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवण्यावर जोर आला.

१३ सप्टेंबरला दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. महापौर एस्त्रादा यांनी शहराची बंदी उठवली, आणि राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी कार्यकारी आदेश क्रमांक १७२ काढला: कोंडीच्या काळात बातांगास आणि सुबिक ही बंदरे मनिला बंदराचाच विस्तार समजली जातील.

हा आदेश थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. सुबिक पूर्वीचा अमेरिकी नौदल तळ. १९९२ साली अमेरिकी नौदल गेल्यावर तिथे मुक्त बंदर झाले. बातांगास दक्षिणेला. दोन्ही मनिलापासून शंभर किलोमीटरहून थोडी अधिक लांब, दोन्हीकडे आधुनिक कंटेनर टर्मिनल, आणि दोन्ही बहुतांशी रिकामी. दक्षिणेतल्या कारखान्यांना तर बातांगास जवळचे. मग माल तिथे का उतरत नव्हता? कारण जहाजे मनिलाला जात होती. जहाजे मनिलाला का? कारण आयातदार, क्लीअरिंग एजंट, ट्रक, बँका, सगळे मनिलात. आणि हे सगळे मनिलात का? कारण जहाजे तिथे येतात. हे वर्तुळ आदेशाने एका दिवसात तुटत नाही. पण ज्यांनी नाइलाजाने २०१४मध्ये बातांगासला माल उतरवून पाहिला, त्यांच्यासाठी एक पर्यायी वाट तयार झाली.

बंदी उठल्यानंतर

बंदी उठली, कोंडी लगेच उठली नाही. यार्ड मोकळे व्हायला २०१५ उजाडले. याचे कारण वर सांगितलेल्या चळतींत आहे. भरलेले यार्ड संथ चालते, आणि संथ यार्ड रिकामे व्हायला वेळ घेते. रस्त्याचा नियम एका सहीने मागे घेता येतो, पण त्याने साचवलेला माल मात्र एकेक डबा करूनच उपसावा लागतो.

पुढे जे बदल झाले त्यांतले दोन मला खऱ्या अर्थाने प्रश्नाला भिडणारे वाटतात. पहिला म्हणजे टर्मिनलांनी २०१५-१६मध्ये आणलेली वेळ-आरक्षणाची पद्धत. ट्रकने आधी ऑनलाइन वेळ घ्यायची आणि त्या वेळेलाच फाटकावर यायचे. वाहतूकदारांच्या तक्रारी होत्या, विशेषतः वेळ चुकल्यावर बसणाऱ्या दंडाबद्दल, आणि रस्त्यावरच्या कोंडीची शिक्षा चालकाला का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तरी तत्त्व योग्य आहे. गाड्या किती आणि कधी याव्यात हे यार्डाच्या क्षमतेवरून ठरते, आणि नऊचा भोंगा वाजताच सगळ्या एकदम सुटण्याचा प्रकार टळतो.

दुसरा बदल काँक्रीटचा. उत्तरेच्या द्रुतगती मार्गापासून बंदराकडे येणाऱ्या हार्बर लिंकचा ५.६५ किलोमीटरचा उन्नत टप्पा २०१९ साली कालोओकानमधल्या सी-३ रस्त्यापर्यंत खुला झाला, आणि २०२०मध्ये तो बंदरालगतच्या आर-१० रस्त्याला जोडला गेला. उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकला आता वस्तीच्या डोक्यावरून जाता येते, आणि मुख्य म्हणजे तास पाहावे लागत नाहीत.

लंडनचे उदाहरण इथे आठवते. तिथे १९८५पासून १८ टनांवरच्या गाड्यांवर नियंत्रण आहे, पण ते मनिलाच्या नेमके उलट: रात्री आणि शनिवार-रविवारी. हेतू रहिवाशांची झोप वाचवण्याचा. रात्रीही ज्यांना खरेच यायचे आहे त्यांना परवानगी मिळते; अट अशी की ठरवून दिलेल्या मोठ्या रस्त्यांवरून शक्य तितके जवळ यायचे आणि निवासी गल्लीत फक्त शेवटचा तुकडा चालवायचा. म्हणजे नियमाचा भर मार्गावर आहे. मार्ग आधी आखला असेल तर तासांवरची मर्यादा सोसते. मनिलात २०१४ साली मार्ग नव्हताच, आणि तासही काढून घेतले गेले.

एवढे झाल्यावरही २०१८च्या अखेरीस आणि २०१९च्या सुरुवातीला मनिलाचे बंदर पुन्हा तुंबले. सोळा तासांची ती बंदी उठून चार वर्षे झाली होती. या वेळी अडकले होते ते रिकामे डबे. जहाज कंपन्या भरलेले डबे आणत होत्या आणि रिकामे त्या वेगाने परत नेत नव्हत्या. डेपो भरलेले, बंदर भरलेले. माल कारखान्यात सुखरूप पोचला होता आणि ट्रेलर रिकामा डबा पाठीवर घेऊन, उतरवायला जागा शोधत, एका डेपोच्या दारातून दुसऱ्याच्या दाराकडे फिरत होते.